घाटाखालच्या गवताची बातमी

सोमनाथच्या धाकट्या मुलीचं, हिराचं लग्न झालं त्या सालापासूनची ही गोष्ट. साल दोन हजार तेवीस, महिना वैशाख. बोरी बुद्रुकला सोमनाथच्या दारात मांडव घातला होता, आणि मांडवाच्या एका कोपऱ्यात त्याची थोरली मुलगी रोहिणी लॅपटॉपवर मेंढरं हाकत बसली होती. थोरलीच्या आधी धाकटीचं लग्न कसं, असं पावण्यांनी विचारलं की सोमनाथ सांगायचा, थोरली कामात आहे. कसलं काम, असं कुणी पुढं विचारलं की तो पाणी आणायला उठून जायचा.

काम असं होतं. रोहिणी पुण्यातल्या एका लहान कंपनीत व्हिडिओ गेम बनवायची. निम्मे दिवस पुण्यात, निम्मे दिवस घरून. कंपनीनं त्या उन्हाळ्यात ‘मेंढरं’ नावाचा गेम बाहेर काढला. त्यात खेळणाऱ्याकडं चाळीस मेंढरं, एक कुत्रं, एक घोडं आणि जाळीची वाघर असते. मेंढरं चारायची, पाजायची, रात्री एखाद्या शेतकऱ्याच्या रानात वाघर लावून बसवायची म्हणजे त्याच्या रानाला लेंडीखत होतं, आणि सकाळी पुढं निघायचं. मारामारी नाही. लांडगा आहे, पण तो फारसा येत नाही. असला गेम कोण खेळणार, असं कंपनीतल्याच पुष्कळांना वाटलं होतं. पण लोक खेळले. परदेशातले जास्त खेळले. तिथं मेंढरं नसावीत.

गेममध्ये जे काही खरं होतं ते रोहिणीच्या आजोबाचं होतं. बिरदेवनं पन्नास वर्षं मेंढरं राखली. दोन हजार एकवीसला दोन्ही गुडघे गेले तेव्हा सोमनाथनं मेंढरं विकली आणि सगळ्या रानात टोमॅटो लावला. बिरदेवनं टोमॅटोकडं फारसं बघितलं नाही. गेम आल्यावर तो रोज सकाळी सात ते नऊ टॅबलेट मांडीवर घेऊन ओसरीत बसायला लागला. पन्नाशी उलटल्यावर तो रोहिणीच्या दुसरीच्या पुस्तकावर अक्षरं शिकला होता, त्यामुळं समोर अक्षर आलं की वाचल्याशिवाय सोडत नसे. गेममधल्या सगळ्या पाट्या त्यानं वाचल्या होत्या. तलाठी कार्यालयाच्या वेळासुद्धा.

गेम माळशेजच्या माथ्यावर संपायचा. तिथं एक दगडी कठडा होता. मेंढरू त्याला नाक लावून उभं राहायचं, बिरदेव मेंढराकडं बघत बसायचा आणि मग दोघं मागं फिरायचे.

“खाली कवा उतरायचं?” तो रोहिणीला विचारायचा. धनगराची मेंढरं दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात जातात, भात काढलेल्या खाचरांत बसतात आणि पावसाच्या आधी वर येतात. हे गेममध्ये नव्हतं.

“अजून केलं नाही, आबा.”

“बरं,” बिरदेव म्हणायचा.

मग दोन हजार चोवीसच्या पावसाळ्यात कंपनीनं कोकणाचा भाग करायला घेतला. ज्यांच्याकडं गेम आहे त्यांनी तो नवा भाग इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा आणि जुन्याला जोडायचा. कंपनीत त्याला डीएलसी म्हणत. बिरदेवची बायको भिमाबाई त्याला ठिगळ म्हणे. हा सगळा भाग रोहिणीच्या अंगावर होता, आणि कंपनीच्या मुख्य असलेल्या अश्विनी मॅडमनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं, की हा भाग लोकांना आवडला नाही तर ‘मेंढरं’ बंद करायचा आणि रोहिणीनं रमीकडं जायचं. कंपनीचा दुसरा गेम पत्त्यांचा होता. तिथं राजाच्या मिशा काढायला माणूस हवा होता.

हे ऐकल्यापासून बिरदेवला जेवण जाईना. त्यानं उभ्या जन्मात आपल्या तळावर पत्ते येऊ दिले नव्हते. पत्ते खेळणाऱ्याचं ध्यान हातात असतं आणि मेंढरं दुसऱ्याच्या हरभऱ्यात असतात, एवढंच त्याचं कारण होतं. चार वर्षं मेंढराचं खूर न् खूर शिकलेल्या नातीनं मिशा काढत बसावं हे त्याला पटत नव्हतं.

“तपासायला माणसं लागत्यात ना तुला?” तो म्हणाला. “मला घे.”

कंपनीचे सहा टेस्टर होते. बिरदेव सातवा झाला.

नवा भाग सगळ्यांच्या यंत्रांवर आला. सहा जण दोन दिवसांत सगळं कोकण फिरून आले आणि त्यांनी लिहिलं, की चित्रं सुंदर आहेत, समुद्र सुंदर आहे, पण हा भाग वरून चिकटवल्यासारखा वाटतो. जणू दुसराच गेम. का वाटतो ते कुणालाच सांगता येईना. सातव्याची नोंद वेगळी होती. अकरा दिवस, रोज दोन तास, नव्या भागात प्रवेश शून्य.

बाराव्या दिवशी अश्विनी मॅडमनी फोन केला. रोहिणीनं स्पीकर लावून फोन बिरदेवच्या पुढं ठेवला.

“आजोबा, तुम्ही घाट उतरलाच नाहीत.”

“न्हाई.”

“काही अडकतंय का? गेम बंद पडतो का?”

“चांगला चालतोय.”

“मग रस्ता सापडला नाही का? माथ्यावर कमान केली आहे बघा. चमकते. वर ‘नवीन प्रदेश’ असं लिहिलंय.”

“वाचलं. मला वाटलं कुणाचं लगीन हाय.”

रोहिणी दुसरीकडं बघायला लागली.

“लग्न नाही, आजोबा. तो रस्ता तुमच्यासाठीच आहे. आत का नाही गेलात?”

“खाली गवत हाय का?”

“भरपूर आहे.”

“बघून कोण आलं?”

“म्हणजे?” मॅडमनी विचारलं.

“बाई, मेंढरं घेऊन घाट उतरायचा आन् खाली गवत नसलं तर माघारी चढायला लागतं. चढताना कोकरं जगत न्हाईत. म्हणून आधी एक माणूस पुढं जातो. गवत बघतो, पाणी बघतो, कुणाच्या रानात बसायचं ते बोलून येतो. त्यानं येऊन सांगितलं की मंग तळ हालतो. मी अकरा दिस घाटाअलीकडच्या तिठ्यावर बसून वाट बघतोय. तुमचा माणूस काय आला न्हाई.”

“असा माणूस गेममध्ये नाही, आजोबा.”

“मंग मी हाय तिथं बरा हाय.”

भिमाबाई आतून म्हणाली, “माणूस आल्याबिगर ह्ये हालायचं न्हाईत, मॅडम. माझ्या म्हायेरालाबी सांगावा आल्याशिवाय कवा आलं न्हाईत.”

मॅडमनी तीन आठवडे दिले. तेवढ्यात नीट झालं तर ठीक, नाही तर मिशा.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोहिणीनं विचारलं, “आबा, तुमच्या पुढं कोण जायचं?”

“सावळेराम. चाळीस वर्सं त्योच.”

“कुठं असतात आता?”

“घोडेगावला, लेकीकडं. असंल तर.”

सोमनाथनं दोघांना नारायणगावपर्यंत सोडलं. तिथून जीप करून दोघं मंचरवरून घोडेगावला गेली. सावळेरामची लेक रत्ना पंचायत समितीच्या मागच्या आळीत राहत होती. अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर सावळेराम बसला होता. बिरदेवपेक्षा सहा वर्षांनी थोरला, वाळून काठीसारखा झालेला, आणि हातातही काठीच.

“गुडघं संगं आणलंस का घरी ठिवलंस?” त्यानं विचारलं.

“एक आणलाय,” बिरदेव म्हणाला आणि पायरीवर बसला.

चहा झाला. रोहिणीनं सगळं समजावून सांगितलं. मग लहानसा माइक काढला आणि एक कागद वाचून दाखवला. तिनं लिहिलेलं वाक्य असं होतं: घाटाखाली हिरवंगार गवत आहे, चला, कोकण पाहू या.

“एवढंच म्हणायचं, बाबा.”

“म्हणणार न्हाई,” सावळेराम म्हणाला.

“का?”

“मी कुठं बघितलंय?”

“ते गेममधलं गवत आहे, बाबा.”

“ज्यातलं असंल त्यातलं. बघितल्याबिगर गवत हाय म्हणायचं न्हाई. एकदा म्हणलो व्हतो.”

बिरदेव अंगणातल्या नळाकडं बघायला लागला.

“ताप आला व्हता,” सावळेराम रोहिणीला म्हणाला. “निम्म्या घाटातनं माघारी फिरलो. एकजण वर येत व्हता, त्यो म्हणला, मुरबाडच्या अंगाला गवत लई हाय. मी येऊन तुझ्या आज्याला तेच सांगितलं. ह्यो उतरला. खाली वणवा लागून गेल्याला. माघारी चढताना तेवीस कोकरं गेली.”

“बावीस,” बिरदेव म्हणाला.

“तेवीस. एक वर पोचल्यावर गेलं.”

“ते धरायचं न्हाई.”

तीस वर्षांत दोघं ह्यावर बोलले नव्हते. आता बोलले, आणि एका कोकराचा फरक निघाला.

रत्ना म्हणाली, “आण्णा, पोरीची नोकरी हाय त्यात. म्हणा की एक वाक्य.”

“नोकरीसाठी म्हणलो तर त्या खेळात जी माणसं माझ्या सबदावर उतरतील ती कुठं जातील?”

शेवटी रोहिणीनं लॅपटॉप उघडला. “मग बघून या,” ती म्हणाली.

सावळेराम दोन दिवस बघत होता. बिरदेव आणि रोहिणी तिथंच राहिली. मेंढरं न घेता एकट्या माणसाला घाट उतरवायची सोय गेममध्ये नव्हती. ती रोहिणीनं तिथल्या तिथं केली. बटणं ती दाबायची, कुठं जायचं ते सावळेराम सांगायचा. पहिल्या वाडीत शिरल्यावर एक बाई दारात आली आणि म्हणाली, स्वागत आहे, प्रवासी.

“परवासी कोण?” सावळेराम म्हणाला. “चाळीस वर्सं हितं येतोय. हिच्या सासऱ्याच्या खाचरात मेंढरं बसवली.”

“पण बाबा, खेळणारा पहिल्यांदाच येतो ना. त्याला कोण ओळखणार?”

“त्याला नगं वळखू दे. त्याच्या बापाला वळखू दे. कुणाचा रं तू, असं इचारायला काय जातंय तिला?”

रोहिणीनं लिहून घेतलं. पुढच्या वळणावर पाच पांढरीशुभ्र मेंढरं उभी होती. नवा भाग घेणाऱ्याला ती बक्षीस मिळत. सावळेरामनं काठीनं त्यांच्याकडं दाखवलं.

“ही कुणाची?”

“आपलीच. फुकट.”

“फुकट मेंढरू कोण देतं? रोगट असत्याल. बिरू, तू घेशील का?”

“लांबनं जाईन,” बिरदेव म्हणाला.

पाच मेंढरं गेममधून गेली. मग कुत्र्यावरून झालं. देशावरचं कुत्रं कोकणात उतरलं की पहिले चार दिवस माणसाच्या पायातून निघत नाही, आणि हे कुत्रं समुद्रावर नाचत होतं. मग मेंढरांच्या खुरांवरून झालं; वर कोरड्यात चालणारं मेंढरू खाली ओलीत लंगडायला पाहिजे, आणि वरच ज्याचं वाढलेलं खूर धन्यानं नीट साळून ठेवलेलं असेल ते कमी लंगडायला पाहिजे.

“म्हणजे वर जे केलं त्याचं खाली कळलं पाहिजे,” रोहिणी म्हणाली.

“नायतर वर करायचं कशाला? वर कुणाच्या गव्हात मेंढरं घातली असतील तर खाली आधीच कळल्यालं असतं. कुणी रान देत न्हाई.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तो घाट चढून परत वर आला. गेममध्ये तेव्हा चार महिने उलटले होते. वरच्या गावातला न्हावी त्याच जागी त्याच माणसाची दाढी करत होता. पारावरचे तिघं त्याच ओळीत बसले होते. सावळेराम खुर्चीत मागं रेलला.

“खालचं एक वेळ चाललं असतं,” तो म्हणाला. “वरचं गाव मेल्यालं हाय. चार म्हैनं खाली राहून आलो, कवा आलास म्हणून कुणी इचारलं न्हाई. तांदूळ आणलंस का म्हणून इचारलं न्हाई. मी गेलो व्हतो हे वरच्याला ठावंच न्हाई. मंग गेलो कशाला?”

रोहिणीनं पेन खाली ठेवलं. सहा टेस्टरांना जे सांगता आलं नव्हतं ते हे होतं. आत्तापर्यंत ती नवा भाग दुरुस्त करत होती, आणि दुरुस्त करायचा होता तो जुना.

ती बोरीला आली आणि कामाला लागली. कमान काढून टाकली. कठडा फोडून तिथं नुसती पायवाट ठेवली, लेंड्या पडलेली. ओतूरच्या बाजारात कोकणातून तांदूळ घेऊन आलेली एक बाई बसवली. खेळणाऱ्यानं नवा भाग घेतलेला असो वा नसो, ती तिथं असणार आणि घाटाखालच्या पावसाबद्दल कुरकुर करणार. पारावरच्या तिघांपैकी एकाची मुलगी खालच्या वाडीत दिली. खालच्या वाडीत कुंडलिक नावाचा शेतकरी केला. तो खेळणाऱ्याला बघून म्हणतो, तुझ्या बापानं मला एक मेंढा द्यायचा कबूल केला होता. मेंढा द्यायचा की नाही ते खेळणाऱ्यानं बघावं. परत वर आल्यावर न्हावी विचारतो, कवा आलास.

आणि एक माणूस केला. कातडी पिशवी, काठी, डोक्याला लाल मुंडासं.

तिसऱ्या आठवड्यात ती पुन्हा घोडेगावला गेली. सावळेराम परत सगळं कोकण फिरून आला. ह्या वेळी अर्धाच दिवस लागला. कुंडलिकशी मात्र तो बराच वेळ बोलत बसला, कुंडलिकला तीनच वाक्यं येत होती तरी. मग म्हणाला, “लाव तुझं यंत्र.”

कागद त्यानं घेतला नाही. माइककडं न बघता, नेहमी बिरदेवला सांगायचा तसं सांगितलं.

“जाऊन आलो. गवत बरं हाय, लई न्हाई. पाणी दोन जागी हाय, खालच्या जागचं पाजू नगं. कुंडलिकच्या खाचरात बसायचं ठरलंय. पाच राती. सहाव्या दिशी उठायचं.”

पुण्यात अश्विनी मॅडमनी हे तीनदा ऐकलं.

“गवत बरं आहे, फार नाही,” त्या म्हणाल्या. “रोहिणी, लोकांनी हा भाग घ्यावा असं आपल्याला वाटतं ना? तो निदान फार आहे तरी म्हणू दे.”

“तो म्हणणार नाही, मॅडम. दुसऱ्याकडून म्हणवलं तर आबा उतरणार नाहीत.”

“एका माणसासाठी?”

“बाकीचे सहा उतरून आले होते. त्यांनी काय लिहिलं ते तुम्हीच वाचलंत.”

मॅडमनी ते तसंच राहू दिलं. रमीवाल्यांना सांगितलं, दोन दिवस थांबा.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी सात वाजता बिरदेव ओसरीत बसला. टॅबलेटवर तो होता तिथंच होता, तिठ्यावर. रोहिणी खांबाला टेकून उभी होती. थोड्या वेळानं कालव्याच्या कडेनं लाल मुंडासं येताना दिसलं. माणूस जवळ आला, काठी टेकून उभा राहिला आणि सावळेरामच्या आवाजात बोलला.

बिरदेवनं ऐकून घेतलं. मग वाघर उचलली, घोड्यावर सामान चढवलं आणि मेंढरं उठवली.

भिमाबाई चहा घेऊन आली.

“ठिव तिथं,” तो म्हणाला. “घाटात हाय.”

ती शेजारी बसली. तिनं आयुष्यात कधी त्या टॅबलेटकडं नीट बघितलं नव्हतं, आता घोड्याकडं बघत होती. धनगराच्या तळावर घोडं लादायचं काम बाईचं असतं.

“भांडी दरीच्या अंगाला कुणी बांधली?” तिनं विचारलं.

“मी,” रोहिणी म्हणाली.

“डोंगराच्या अंगाला बांध. घोडं बिचाकलं तर घागरी जात्याल.”

“आज राहू दे, आजी. उद्या बदलते.”

“उद्यापतोर खाली जात्याल.”

बिरदेव नऊला उठला नाही. बारालाही उठला नाही. दुपारी दीड वाजता कुंडलिक त्याला म्हणाला, कुणाचा रं तू, आणि बिरदेवनं उत्तर देणारं बटण दाबायच्या आधी तोंडानंच बापाचं नाव सांगितलं. मग वाघर लावली, मेंढरं बसवली, आणि टॅबलेट बाजूला ठेवून गार झालेला चहा प्यायला.

“कसं झालंय, आबा?” रोहिणीनं विचारलं.

“गवत बरं हाय,” तो म्हणाला. “लई न्हाई.”

सहा टेस्टरांनी पुन्हा लिहिलं. त्यांतल्या नाशिकच्या एकानं लिहिलं, की आपण नव्या भागात आहोत हे त्याला खाली गेल्यावर तिसऱ्या दिवशी कळलं. तोपर्यंत तो मेंढा द्यावा की नाही या विचारात होता. अश्विनी मॅडमनी ते वाक्य कंपनीतल्या सगळ्यांना पाठवलं. राजाच्या मिशा काढायला दुसरा मुलगा घेतला. रोहिणी मेंढरांकडंच राहिली.

नवा भाग दहा जानेवारीला बाहेर आला. चार दिवसांत खेळणाऱ्यांची पत्रं यायला लागली, की ते कोकणातून वर आले, गेममध्ये दुसरी दिवाळी झाली, मेंढरं तयार आहेत, आणि लाल मुंडाशावाला अजून आला नाही. मॅडम म्हणाल्या, दुसऱ्या वर्षाचं एक वाक्य घेऊन टाक. रोहिणीनं घोडेगावला फोन लावला. रत्नानं फोन बापाच्या कानाला धरला.

“बाबा, पुढच्या सालचं सांगायचंय. गवत, पाणी, कुणाच्या रानात बसायचं ते.”

“पुढच्या सालचं गवत अजून उगवायचंय, पोरी,” सावळेराम म्हणाला. “दिवाळी झाली की ये यंत्र घेऊन. खाली काय काय बदललंय ते दाव. मंग सांगतो.”

“लोक थांबलेत, बाबा.”

“थांबू दे की. बिरू अकरा दिस थांबला व्हता.”

रोहिणीनं बिरदेवला विचारलं, दुसऱ्या कुणाच्या आवाजात घेऊ का. बिरदेव म्हणाला, दिवाळीपर्यंत थांब. मॅडमना तिनं तेच कळवलं, आणि मॅडमनी खेळणाऱ्यांना कळवलं.

सावळेराम हा रविवारी, एकोणीस जानेवारी दोन हजार पंचवीस रोजी सकाळी, घोडेगावला लेकीच्या घरी वारला.